कुलपातलं गाणं

भाऊंकडे गाणं ऐकायला बसायचं म्हणजे आधी पंखा बंद व्हायचा. मग फ्रीज. मग स्वयंपाकघरातला नळ टपटपत नाही ना, हे भाऊ स्वतः उठून बघून यायचे. एवढ्यात बाहेर कुणी चपला वाजवत आलंच, तर त्याला खिडकीतून हात करून जागच्या जागी थोपवायचे. एकदा गॅसवाला खांद्यावर भरलेला सिलिंडर घेऊन जांभ्याच्या पायऱ्यांवर तसाच उभा राहिलेला मी पाहिलाय. गाणं संपेपर्यंत बिचाऱ्यानं सिलिंडर खाली टेकवला नाही, कारण टेकवला असता तर आवाज झाला असता. आत आम्ही घामाच्या धारांत. सगळं शांत झालं तरी भाऊ लगेच बटण दाबत नसत. "तुमचे कान अजून रस्त्यावरच आहेत, बाई," म्हणायचे. "येऊ देत त्यांना घरात."

मी त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. देवरूखहून इथल्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला आले आणि मिऱ्या बंदराच्या बाजूला, अगदी समुद्राच्या अंगावर असलेल्या या घरात राहिले ते आजतागायत. जागा बघायला आले तेव्हा भाऊंनी पगार, लग्न, खाणंपिणं यातलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "चालताना टाचा आपटता का?" मी म्हटलं, कधी लक्ष दिलं नाही. तर म्हणाले, "वर जाऊन चाला." मी रिकाम्या खोलीत इकडून तिकडे, तिकडून इकडे चालले. खाली भाऊ डोळे मिटून, मान वर करून उभे. शेवटी जिन्यातून हाक आली, "चालेल. पण पावसाळ्यात रबरी सपाता घाला." बाईमाणसाची इतकी विचित्र परीक्षा कुणी घेतली नसेल. मी मनात म्हटलं, हा म्हातारा एक तर वेडा आहे, नाहीतर मला इथे करमेल. दोन्ही खरं निघालं.

भाऊ आयुष्यभर बोटीवर होते, रेडिओ ऑफिसर. कानाला यंत्र लावून दुनियाभरच्या बोटींचं कट्ट कडकट्ट ऐकायचं आणि त्याची अक्षरं करायची, हे त्यांचं काम. वादळात, खरखरीत, दहा बोटी एकदम बोलत असताना आपली नेमकी कुठली, हे त्यांचा कान वेचून काढायचा. पुढे उपग्रह आले आणि बोटींवरची ती जागाच काढून टाकली. भाऊ घरी आले. लोक म्हणायचे, नोकरी गेली. भाऊ म्हणायचे, "नोकरी नाही हो गेली, भाषा गेली."

भाऊंच्या बायकोची, काकूंची, गोष्ट वेगळी. माझ्या येण्याच्या आधी काही वर्षं त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याभोवती त्या एक मलमली रुमाल बांधत, रोज साडीला शोभेल असा. भाऊंनी त्यांना आपली कट्ट कडकट्टची भाषा शिकवायला घेतली. काकू पहिल्यापासून हुशार, पण शिस्तीच्या शत्रू. थोडी शिकल्या, बाकीची मनानंच बनवली. चमचा ताटावर आपटून नवऱ्याला चहा मागायच्या, मीठ कमी झालंय सांगायच्या, आणि लांबलचक काहीतरी आपटून सुनवायच्यासुद्धा. मी विचारलं, भाऊ, हे काय म्हणाल्या? तर भाऊ गंभीरपणे, "ते सांगण्यासारखं नाही." काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. हसण्यालाही आवाज नव्हता, खांदे तेवढे हलायचे.

गाणं कुठलं ऐकायचो, ते सांगायचं राहिलं. काकूंचंच.

काकू पावसकडच्या. त्यांच्या माहेरच्या वाडीत गौरीच्या फेराचं एक गाणं आहे. गौर माहेरी यायला निघते, खाडीवरच्या तरीपाशी अडते आणि होडीवाल्याला विनवते. 'तरीवर थांबली गौर माझी, तांडेला होडी सोड.' हे झालं सगळ्यांचं. पण फेरात आलेल्या प्रत्येक माहेरवाशिणीनं त्याच्यापुढे आपल्या पदरचं एक कडवं घालायचं, अशी तिथली रीत. ज्या सासरी दिली असेल तिथलं सुखदुःख त्यात यायचं. काकूंनी लग्नानंतरच्या गौरींना कडवं घातलं होतं की, सगळ्यांच्या होड्या खाडीपार जाऊन परत येतात, माझ्या घरधन्याची होडी मात्र आभाळ जिथे टेकतं त्याच्याही पलीकडे गेली, तिथे कुठल्या तांडेलाला हाक मारू. ते कडवं ऐकून वाडीतल्या म्हाताऱ्या रडल्या होत्या म्हणे. भाऊ सुट्टीवर आले की काकूंना समोर बसवून ते गाणं भरून घ्यायचे आणि बोटीवर नेऊन ऐकायचे. महिनोन् महिने.

भरून घ्यायचे ते एका जपानी यंत्रात. तिकडच्याच कुठल्यातरी बंदरात घेतलेलं. त्यात लहानशी चौकोनी डबी जायची, डबीत झळझळीत चकती. त्या काळी त्याच्यासारखं सुबक काही नव्हतं, हे मीही कबूल करते. पण त्या कंपनीनं आवाज साठवायची रीतही आपली खास ठेवली होती. ती डबी त्यांच्याच जातीच्या यंत्रात वाजणार, दुसरीकडे नाही. मी कॉम्प्युटरवाली, जगात सगळ्यांना सगळं उघडता यावं अशा मताची. पहिल्याच महिन्यात आमचं जुंपलं.

"भाऊ, साध्या फाइलीत घेऊन ठेवा ना. कुठेही वाजेल."

"कुठेही वाजायला नकोच आहे मला."

"असं कसं?"

"धर्मशाळा बघितलीत ना? कुणीही यावं, कुणीही जावं. सोय होते, नाही कशाला म्हणू? पण तिथली चादर कुणी स्वच्छ ठेवलीन कधी? ह्या लोकांनी घर बांधलं. भिंती त्यांच्या, दार त्यांचं, कुलूपही त्यांचंच. म्हणून तर आत केर आला नाही."

"आणि उद्या किल्ली घेऊन निघून गेले म्हणजे?"

"जपानी माणूस असं करायचा नाही."

कंपनीनं ती यंत्रं बनवणं केव्हाच थांबवलं होतं. ते मला ठाऊक होतं आणि भाऊंनाही ठाऊक होतं.

पण खरं सांगायचं तर भाऊंचंही अगदीच चूक नव्हतं. त्याच वर्षांतल्या कॅसेटींची एक पत्र्याची पेटी त्यांच्या माळ्यावर होती. कुठल्याही टेपवर वाजणाऱ्या, कुणालाही देता येणाऱ्या कॅसेटी. आमच्याकडच्या पावसाळ्यांनी त्यांना अशी बुरशी आणली होती की त्यातून माणसाच्या ऐवजी पाण्यात बुडणारं काहीतरी ऐकू यायचं. आणि ही डबी लावली की काकूंनी गाण्याआधी घेतलेला श्वाससुद्धा कळायचा. हातातल्या बांगड्या मागे सारलेल्या कळायच्या. त्या खोलीत पंखा बंद करून बसलं की पंचविशीतली एक बाई समोर येऊन बसायची, आणि तिच्या बाजूला गळ्याला रुमाल बांधलेल्या काकू मांडी घालून, स्वतःच्याच आवाजाकडे टक लावून. तेव्हा माझं मत माझ्यापाशी राहायचं आणि डोळ्यांतून पाणी यायचं.

गाणं संपलं रे संपलं की भाऊ खटकन बटण दाबायचे. नंतर लगेच पंखा लावलेला त्यांना चालायचा नाही. "जरा मुरू दे," म्हणायचे.

भाऊंचे असले कायदे पुष्कळ होते. आंबा कापताना कुणी बोलायचं नाही, कारण सुरी कोयीला लागल्याचा आवाज त्यांना ऐकायचा असे आणि त्यावरून ते आंबा कुठल्या बाजूनं पिकलाय ते सांगत. निम्म्या वेळा चुकत. मोबाइल नावाच्या वस्तूवर त्यांचा राग होता. "ह्यात माझा आवाज पत्र्यासारखा येतो," म्हणायचे. ठाण्याला दिलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला की ते काकूंना पुढे करायचे आणि स्वतः दाराआड उभं राहून ऐकायचे. कुणी समोर मोबाइल धरला की तोंड शिवल्यासारखे गप्प. लेक चिडायची, "बाबा, काहीतरी बोला ना!" दाराआडून मान हलवायचे, जशी काही तिला ती दिसणार होती.

त्या लेकीची मुलगी, म्हणजे भाऊंची एकुलती नात, काकूंच्या ऑपरेशननंतर जन्मलेली. तिनं आजीला कधी बोलताना ऐकलंच नव्हतं. काकूंच्या मनाला ते लागून होतं. भाऊंचं म्हणणं, पोर जरा मोठी होऊ दे, शांत बसायची अक्कल येऊ दे, मग तिला समोर बसवून नीट ऐकवू. असं करता करता नात चांगली शाळेत जायला लागली आणि त्या वर्षी गणपतीला आली तेव्हा भाऊंनी एकदाचा दिवस ठरवला. गौरी आल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी. पंखा बंद, फ्रीज बंद. नात नवा परकर-पोलका घालून मांडी घालून बसलेली, तोंडावर बोट. काकूंनी मुद्दाम ठेवणीतली साडी नेसलेली. भाऊंनी डबी घातली, बटण दाबलं. आत चकती फिरल्याचा बारीकसा कुरकुर आवाज झाला आणि थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा कुरकुर. यंत्राच्या एवढ्याशा पडद्यावर, चकती वाचता येत नाही, अशा अर्थाची अक्षरं आली.

नात म्हणाली, "आजोबा, ह्यात आजी आहे ना? मग येत का नाही?"

काकू उठून आत गेल्या. ताटावर चमचा आपटला नाही, काही नाही.

खाऱ्या हवेनं यंत्र आतून खाल्लं होतं. भाऊंनी ते उघडलं, भिंगाची काच पुसली, चार दिवस त्याच्या मागे होते. नात ठाण्याला परत गेल्यावर ते कसंबसं वाजायला लागलं, तेही दहादा लावावं तेव्हा एकदा. भाऊंनी कंपनीला ईमेल लिहायला मला बसवलं. मजकूर त्यांचा, इंग्रजी त्यांचं, बोटीवरचं, दणदणीत. उत्तर आलं. फार अदबीनं लिहिलं होतं की, आपण आमचं यंत्र इतकी वर्षं सांभाळलंत याचा आनंद वाटतो, पण आता त्याची दुरुस्ती किंवा सुटे भाग आमच्याकडे नाहीत. भाऊंनी ते परत परत वाचून घेतलं आणि म्हणाले, "माणसं सभ्य आहेत हो."

मला संताप आला. म्हटलं, "सभ्यपणा काय चाटायचाय? भाऊ, आवाज काकूंचा, गाणं त्यांच्या वाडीचं, भरलंत तुम्ही. आणि ते बाहेर काढायची परवानगी मात्र तिसऱ्याची?"

कॉम्प्युटरला जोडून बघून झालं होतं. ते यंत्र बाहेरचं आत घ्यायचं, पण आतलं बाहेर द्यायचं नाही. त्याची रचनाच तशी होती, गाण्यांची चोरी होऊ नये म्हणून. कानाला लावायची वायर जिथे जाते ती खाच गंजून गेली होती आणि भाऊंनी तिथे एक लहान स्पीकर कायमचा झाळून टाकला होता. राहिला एकच मार्ग. यंत्र वाजत असताना समोर मोबाइल ठेवून गाणं भरून घ्यायचं.

"शक्य नाही," भाऊ म्हणाले. "तो आवाज नव्हे, आवाजाची सावली. नातीला सावली दाखवू?"

"नाहीतर ती काहीच ऐकणार नाही."

"यंत्र ठीक होईल."

"आणि नाही झालं तर? भाऊ, तुमची ती कट्ट कडकट्ट कुठल्या कंपनीची होती? कुणाचीच नाही. दुनियेतल्या कुठल्याही बोटीला कळायची. म्हणूनच काकू आज चमच्यानं बोलतायत. तिला कुलूप असतं तर?"

मला वाटलं, आता म्हातारा गप्प होईल. पण खिडकीकडे बघत म्हणाले, "चमच्यानं बोलता येतं, बाई. गाता येत नाही."

मी मोबाइल उचलून वर निघून आले.

ऑक्टोबरची काहिली सुरू झाली होती. एका सकाळी भाऊ मिरकरवाड्याला मासळी आणायला गेले आणि खालून ताटावर चमचा वाजायला लागला. ही हाक मला होती, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं. खाली गेले तर काकू यंत्रासमोर बसलेल्या. डबी घातलेली. माझ्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं आणि समोरच्या पाटावर थोपटलं. इथे ठेव.

मी म्हटलं, "काकू, भाऊ..."

काकूंनी गळ्यावरचा रुमाल जरा सैल केला आणि माझ्याकडे बघत पाटावर पुन्हा थोपटलं. आवाज कुणाचा होता, हा प्रश्न त्यांना विचारायचं आमच्यापैकी कुणालाच इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

मोबाइल ठेवला. काकू बटण दाबत राहिल्या. कुरकुर, बंद. कुरकुर, बंद. कितीदा ते कोण जाणे. आणि मग अचानक तो श्वास, त्या बांगड्या, आणि 'तरीवर थांबली गौर माझी'. आम्ही दोघी हललोसुद्धा नाही. पंखा बंद करायचं राहिलं होतं, पण आता उठायची सोय नव्हती. बाहेर पत्र्यावर कावळा ओरडत होता, खालच्या वळणावर एसटीनं हॉर्न मारला, आणि काकू गात होत्या. कडवं आलं. आभाळापलीकडे गेलेली होडी आली. गाणं संपत आलं तेवढ्यात पडवीत पिशवी ठेवल्याचा आवाज झाला आणि भाऊ दारात उभे. गाणं ऐकून पायऱ्या भराभर चढले असणार, कारण दम लागला होता.

मी डोळे मिटून घेतले. आता बटण खटकन बंद होणार, अशी खात्रीच होती.

बंद झालं नाही. बटणावर काकूंचा हात होता आणि त्यांनी तो काढला नाही. त्यामुळे गाण्याच्या पुढचं, भाऊ नेहमी तोडून टाकायचे ते, मी पहिल्यांदाच ऐकलं. गाणं संपून जरा शांतता झाली, मग पंचविशीतल्या काकू खुदकन हसल्या आणि लाडीगोडीनं म्हणाल्या, "झालं माझं. आता तुम्ही म्हणा एक."

आणि पुढे काही नाही. नुसती शांतता. तेव्हाच्या भाऊंनी नक्कीच मान हलवली असणार, बोलले नव्हते. गाण्याच्या शेजारी आपला आवाज पडू नये म्हणून.

आताचे भाऊ दारातच होते. हाताला मासळीचा ओशट वास. त्या शांततेत ते हलक्या आवाजात, अगदी सहज, जसं काही तिनं आत्ताच विचारलंय, तसं बोलले, "नको गो. माझा आवाज नको त्यात. खराब होईल."

यंत्र थांबलं. मी मोबाइल उचलला.

भाऊंनी माझ्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, आणि "निदान पंखा तरी बंद करायचात," एवढं बोलून मासळी धुवायला निघून गेले. पुढे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढचं बोलणं कापून नुसतं गाणं मी ठाण्याला पाठवलं; नातीनं ते ऐकलं, पाठ केलं, शाळेत म्हटलं. लेकीनं हे फोनवर सांगितलं तेव्हा दाराआडून भाऊंनी विचारलं, "चाल बरोबर घेतलीन का विचार." मग माझ्याशीही बोलायला लागले. यंत्र त्यानंतर वाजलं नाही. भाऊ रोज ते उघडून पुसायचे, बंद करून ठेवायचे. एकदा मला म्हणाले, "बाई, कुलूप वाईट नसतं हो. फक्त माणसांच्या आधी कुलूपवाले थकले." हे ते हरल्यासारखे नाही, दुःखानं बोलले, आणि मला जिंकल्याचं काही सुख झालं नाही. मला त्यांचा हात धरावासा वाटला. मी धरला नाही, आमच्यात तशी पद्धत नव्हती.

गेल्या थंडीत दुपारी जेवून आडवे झाले ते भाऊ उठलेच नाहीत. घर माणसांनी भरलं, टाचा आपटत माणसं फिरली, भांडी पडली, सगळे मोठमोठ्यानं बोलले. मला राहून राहून वाटायचं, आता भाऊ खिडकीतून हात करतील. लेक सगळे मोबाइल धुंडाळत होती. फोटो पुष्कळ निघाले. आवाज एकही नाही. प्रत्येक व्हिडिओत बाबा एक तर दाराआड, नाहीतर ओठ मिटून उभे. जन्मभर दुनियेचे आवाज टिपलेल्या माणसानं आपला कुठेच ठेवला नव्हता. लेक माझ्या गळ्यात पडून रडली तेव्हासुद्धा मला आठवलं नाही. मला कुठून आठवणार, मी तर ते गाणं काकूंचं म्हणूनच जपलं होतं.

आठवलं काकूंना. तेराव्यानंतर लेक ठाण्याला गेली आणि त्या जिना चढून वर आल्या, बहुतेक पहिल्यांदाच. माझ्या मोबाइलवर बोट ठेवलं. मी गाणं लावलं. त्यांनी मान हलवली आणि पडद्यावरची रेघ बोटानं पुढे ढकलली. गौर मागे पडली, कडवं मागे पडलं. शेवटी बोट थांबलं, आणि आम्ही दोघी ऐकत राहिलो.

आता ते मी त्यांच्याच मोबाइलवर घालून दिलंय, साध्या फाइलीत. दुपारची कामं उरकली की खालून आधी त्यांचा हसरा आवाज येतो, "आता तुम्ही म्हणा एक." मग भाऊंचा, "नको गो. माझा आवाज नको त्यात." जरा वेळानं पुन्हा. रोज त्या विचारतात, आणि रोज ते नको म्हणतात.